लॅपटॉपला माफी, खुर्चीवर कर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, घरी ज्या खुर्चीवर बसून मी नोकरी करते त्या खुर्चीवर मला आयकर लागला. किती? अडीचशे रुपयांना चाळीस पैसे कमी. "एवढ्यासाठी पेपरला पत्र?" हे घरात सगळ्यांनी विचारून झालं आहे, त्यामुळे आपण विचारलंत तरी वाईट वाटणार नाही. पण १ फेब्रुवारी २०२६ ला अर्थसंकल्प आहे आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होतो आहे. घरून काम करणाऱ्या पगारदारांचं काही म्हणणं असेल तर ते आत्ताच सांगायला हवं.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते. (सासूबाईंच्या मते हा माझा मूळचाच स्वभाव, आता त्याचे पैसे मिळतात एवढंच.) मार्च २०२० पर्यंत मी कर्वेनगरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहायची. नवरा कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत, मुलगा कोल्हापूरच्या शाळेत. शुक्रवारी रात्री स्वारगेटवरून एसटी, रविवारी रात्री परत. लॉकडाऊनच्या आदल्या आठवड्यात दोन पिशव्या घेऊन कोल्हापूरला आले ती आलेच. पुढे कंपनीनं ऑफिसचा एक मजला सोडला आणि पुण्याबाहेरच्यांना कायमचं घरून काम दिलं. माझ्या नेमणुकीच्या पत्रात आता कामाचं ठिकाण म्हणून शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचा पत्ता आहे.

ऑफिस म्हणजे माजघरालगतची धान्याची खोली. पूर्वी तिथं कणगी असायची आणि गुळाचे रवे रचलेले असायचे. पावसाळ्यात भिंतीला अजून तो वास येतो. सुरुवातीला जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची आणि दोन उशा यांवर भागवलं. वर्षभरात कंबर धरली. जुलै २०२१ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, आमच्या भागातली वीज गेली आणि नेमकं त्याच आठवड्यात आमचं काम ग्राहकाकडे जायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना आहे, त्यांच्या जनरेटरवर लॅपटॉप आणि मोबाइल चार्ज करून मी ते तीन दिवस काढले. पूर ओसरल्यावर पहिलं काम केलं ते इन्व्हर्टर घेण्याचं. बॅटरीसकट २४ हजार.

हा खर्च आहे, आणि तो नोकरीसाठी आहे. इंटरनेटचे महिन्याला ९४३ रुपये जीएसटीसह, म्हणजे वर्षाचे ११ हजार ३१६. लाईट बिल पूर्वी पहिल्या टप्प्याच्या आसपास असायचं, आता दर महिन्याला दुसऱ्या टप्प्यात खोल जातं. वाढ साधारण बाराशेची, वर्षाचे १४ हजार ४००. बॅटरीचं पाणी, चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी, टेबल, हेडफोन असं सगळं वर्षांवर वाटलं की बेरीज ३० हजारांच्या घरात जाते. वहीत लिहिलेलं आहे. चुका काढणाऱ्या बाईकडे वही असतेच.

आता कराचं. माझ्या बरोबरीचे निदान दहा जण दर जानेवारीत मला विचारतात, घरून काम करतो त्याची सूट कुठल्या रकान्यात टाकायची? कुणी मोबाइलवर छोटा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला एजंटानं सांगितलेलं असतं की इंटरनेटचं बिल कुठल्या तरी ऐंशीच्या कलमात बसवून देतो. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पगारातून काय वजा होतं ते १९६१ च्या कायद्यातलं कलम १६ सांगतं. प्रमाणित वजावट (म्हणजे प्रत्येक पगारदाराला पावत्यांशिवाय मिळणारी ठरावीक वजावट), व्यवसाय कर आणि फक्त सरकारी नोकरांसाठी मनोरंजन भत्ता. संपलं. तुम्ही जुनी करप्रणाली घ्या की नवी, घरातल्या ऑफिसचा खर्च पगारदाराला वजा करता येत नाही. कंपनीला द्यायच्या १२ बीबी फॉर्मवर घरभाडं आहे, प्रवास सवलत आहे, गृहकर्जाचं व्याज आहे, विम्यासारखी गुंतवणूक आहे. इन्व्हर्टर नाही. व्यवसाय कराचं तर आणखी मजेशीर. राज्य सरकार महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला अडीच हजार कापून घेतं, नव्या प्रणालीत केंद्र सरकार तेही वजा करू देत नाही.

इथवर माझी तक्रार नव्हती. कायदा असा आहे तर आहे. तक्रार खुर्चीपासून सुरू होते.

एप्रिल २०२४ मध्ये कंपनीला आमच्या कंबरांची दया आली आणि घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला एक खुर्ची आली. माझी खाजगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तावडे हॉटेलजवळ उतरली, तिथून नवऱ्यानं रिक्षाटेम्पोनं घरी आणली. पाठीला जाळी, हात वरखाली होणारे, किंमत कंपनीच्या कागदावर १२ हजार. मालकी कंपनीची, वापर माझा. गेल्या जूनमध्ये फॉर्म १६ आला आणि त्याबरोबर १२ बीए नावाचं एक पान. कंपनीनं पगाराशिवाय जे लाभ दिले त्यांची ती यादी. आजवर माझं ते पान कोरं असायचं. या खेपेला 'कर्मचाऱ्यानं वापरलेली जंगम मालमत्ता' या ओळीपुढं १,२०० रुपये.

मी एचआरमधल्या मुलीला फोन लावला. तिनं शांतपणे सांगितलं, "मॅम, ते पर्क्विझिट आहे. चेअर घरी आहे ना." पर्क्विझिट म्हणजे पगाराशिवाय मिळालेला, कर लागणारा लाभ.

नियम मी नंतर स्वतः वाचला. आयकर नियमावलीतला नियम ३. मालकाची, म्हणजे कंपनीची, एखादी जंगम वस्तू कर्मचारी किंवा त्याच्या घरातली माणसं वापरत असतील, तर त्या वस्तूच्या किमतीच्या वर्षाला १० टक्के एवढा लाभ त्याला मिळाला असं धरायचं. अपवाद लॅपटॉप आणि संगणकांचा, त्यांचा लाभ शून्य. म्हणजे माझ्या त्या खोलीत कंपनीच्या दोन वस्तू आहेत. साठ हजारांच्या लॅपटॉपला माफी आणि तो चालवायला जिच्यावर बसायचं त्या बारा हजारांच्या खुर्चीचं १,२०० रुपये उत्पन्न. गेल्या वर्षीच्या (२०२४-२५) दरानं माझा शेवटचा टप्पा २० टक्क्यांचा, वर ४ टक्के उपकर, म्हणून २४९ रुपये ६० पैसे. यंदा (२०२५-२६) टप्पे बदलले, तेव्हा १८७ रुपये लागतील. स्वस्त झाली खुर्ची.

हीच खुर्ची पुण्याच्या ऑफिसात असती तर एक पैसा लागला नसता. सव्वादोनशे किलोमीटर प्रवास करून ती आली आणि वाटेत कुठं तरी, कराडच्या आसपास म्हणा, तिचं लाभात रूपांतर झालं.

राजारामपुरीतल्या आमच्या सीएंना मी कागद दाखवले. ते म्हणाले, खुर्ची निव्वळ ऑफिसच्या कामासाठी आहे तर तो लाभ नाही असं म्हणायला जागा आहे, तुमच्या कंपनीच्या पगार विभागानं जरा जास्तच सावध भूमिका घेतली. पण तसं नियमात कुठं स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि अडीचशे रुपयांसाठी भांडायचं तर माझी फी त्याहून जास्त होईल, हेही त्यांनीच सांगितलं. प्रामाणिक माणूस. वर त्यांनी एक गंमत सांगितली. कंपनीच्या हिशोबात फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा, म्हणजे वस्तू झिजल्याचा खर्च, वजा करता येतो. म्हणजे तीच खुर्ची कंपनीच्या वहीत दर वर्षी १० टक्क्यांनी झिजते आणि माझ्या वहीत दर वर्षी १० टक्क्यांनी फळते.

सासूबाई बाजूलाच लसूण सोलत होत्या. त्यांचं मत असं, "दिवसभर त्या डब्याम्होरं बसायचं, आन् बसल्याचा बी टॅक्स?" अर्थ मंत्रालयाला यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही.

आता वरच्या मजल्याकडे वळते. तिथं माझी धाकटी जाऊ राहते. ती इंटिरिअर डेकोरेटर, स्वतःचा व्यवसाय. नागाळा पार्कात आणि रुईकर कॉलनीत तिची कामं चालतात, पण नकाशे काढणं, कोटेशन करणं सगळं घरून. आमचा राउटर जिन्यात आहे, एकच. बिल माझ्या नावावर, अर्धे पैसे ती देते. योगायोगानं तिची यंदाची फीची जमा आणि माझा पगार सारखाच, १४ लाख. तिच्या व्यवसायाला कलम ४४ एडीए लागू होतं. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, निम्मी खर्चात गेली असं मानायचं, पावत्या मागायच्या नाहीत. म्हणजे तिचं उत्पन्न ७ लाख. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी, तेव्हा कर शून्य. माझ्या १४ लाखांतून ७५ हजार प्रमाणित वजावट गेली की उरतात १३ लाख २५ हजार, त्यावर उपकरासह ८१ हजार ९०० रुपये. तिनं उद्या नियमानं वह्या ठेवायच्या ठरवल्या, तर घराच्या जेवढ्या भागात काम चालतं तेवढ्याचा खर्च, संगणकावर ४० टक्के आणि हो, खुर्चीवर १० टक्के घसारा तिला वजा करता येईल.

गैरसमज नको. जाऊबाईवर माझा दात नाही. पितृपक्षात कुणी घराचं काम काढत नाही, तेव्हा तिचा महिना कसा जातो ते मी बघते. तिला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं स्वयंपाकघर पूर्ण झाल्यावर रंग आवडला नाही म्हणून फीच बुडवली. कायद्यानं तिला दिलेली सवलत रास्त आहे. मी फक्त एवढंच दाखवते आहे की एकाच जिन्यातल्या एकाच तारेवर दोन बायका काम करतात, आणि त्यातल्या एकीच्या घराला कायदा कामाची जागा मानतो, दुसरीच्या घराला मानत नाही.

याचा परिणाम काय होतो तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं आम्हा काही जणांपुढे प्रस्ताव ठेवला होता. नोकरी सोडा, सल्लागार म्हणून करार करा, काम तेच, पैसे तेवढेच, १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) वजा करून हातात. कर वाचेल हे आमिष. माहिती तंत्रज्ञानही जाऊबाईच्या त्या ४४ एडीए कलमाच्या व्यवसायांत येतं, त्यामुळे हिशोब खरा होता. मी आणि नवरा रात्री अकरापर्यंत वही घेऊन बसलो. एका बाजूला वर्षाचा वाचणारा कर. दुसऱ्या बाजूला कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, घरच्यांचा वैद्यकीय विमा, आणि काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस. मी नाही म्हटलं. कंपनीतल्या दोघांनी हो म्हटलं. त्यातल्या एकाचा करार पुढच्या मार्चला वाढवलाच नाही. कायद्यानं त्याला ढकललं असं मी म्हणणार नाही, पण दार उघडं होतं आणि दारावर 'कर वाचेल' अशी पाटी होती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट मग कशाला दिली आहे? खरं आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी ४० हजारांची वजावट परत आणली तेव्हा तिच्या बदल्यात वाहतूक भत्त्याची वर्षाची १९ हजार २०० आणि औषधोपचाराच्या भरपाईची १५ हजारांची सूट काढून घेतली होती. ती पुढं ५० हजार झाली आणि २०२४ पासून नव्या प्रणालीत ७५ हजार. म्हणजे ही वजावट मुळात ऑफिसला जाण्यायेण्याच्या खर्चाची वारस. माझा तर स्वारगेटचा खर्च वाचला, कर्वेनगरचं भाडं वाचलं. घरच्या ऑफिसवर माझे वर्षाला ३० हजार जातात आणि वजावट ७५ हजारांची मिळते. मग मी कुठल्या तोंडानं आणखी मागू? म्हणून मी वजावट मागतच नाही. मागितली आणि मिळाली, तरी ३० हजारांवर यंदाच्या दरानं माझे वाचणार ४ हजार ६८० रुपये, आणि त्यासाठी देशभरातल्या पगारदारांनी लाईट बिलं अपलोड करायची, ती कुणी तरी तपासायची. त्यातून खोट्या बिलांचा धंदा तेवढा उभा राहील. घरभाड्याच्या खोट्या पावत्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. (आमच्या सीएंनी एकदा सुचवलं होतं की जुनी प्रणाली घ्या आणि सासूबाईंना रीतसर भाडं द्या, त्या विवरणपत्रात दाखवतील. कायदेशीर होतं. सासूबाई म्हणाल्या, "सुनंकडनं भाडं घिऊ? गल्लीत तोंड कुठं दाखवू?" विषय तिथंच मिटला.)

बाहेरच्या देशांचे दाखलेही फार उपयोगाचे नाहीत. नणंद जर्मनीत असते. तिथं घरून काम केलेल्या दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो उत्पन्नातून वजा होतात म्हणून तिनं मला कौतुकानं सांगितलं होतं. खोदून विचारल्यावर कळलं की पगारदाराला १,२३० युरोंची सरसकट वजावट आहेच आणि हे १,२६० त्या वजावटीच्या पोटातच मोजले जातात, वेगळे नाहीत. दुसरा खर्च नसेल तर फायदा ३० युरोंवर. इंग्लंडात आठवड्याला ६ पौंडांची सवलत होती. करोनाच्या दोन वर्षांत ती सढळ हातानं दिली, मग अटी आवळल्या, आणि नोव्हेंबर २०२५ च्या त्यांच्या अर्थसंकल्पात ती एप्रिल २०२६ पासून बंद करायचं ठरलं. मालकानं खर्च भरून दिला तर मात्र तिथं कर नाही, ते चालू राहणार आहे. मला त्यातला हा शेवटचा भाग पटतो. घराचं ऑफिस करून जागेचं भाडं वाचलं ते कंपनीचं. तिनं त्यातून कर्मचाऱ्याला खुर्ची द्यावी, बॅटरी द्यावी, आणि सरकारनं त्याकडे बक्षीस म्हणून बघू नये.

याला आपल्याच नियमांत आधार आहे. कर्मचाऱ्याच्या टेलिफोनचा, मोबाइलचा खर्च मालकानं भरला तर तो लाभ धरला जात नाही, हे त्याच नियम ३ मध्ये आहे. बऱ्याच कंपन्या इंटरनेटचं बिलही त्यातच बसवतात. (वाचकांपैकी कुणी घरून नोकरी करत असेल तर पगाराची स्लिप काढून बघा. आमची कंपनी इंटरनेटचे १ हजार रुपये 'विशेष भत्ता' म्हणून पगारात मिसळून द्यायची, त्यावर पुरा कर लागायचा. बिल दाखवून भरपाई अशी मांडणी करून घेतल्यावर तो थांबला. कंपनीला एक पैसा जास्त पडला नाही. एप्रिलच्या आधी सांगावं लागतं, वर्षाच्या मध्ये ऐकत नाहीत.) दिवाळीला ५ हजारांच्या आतली भेटवस्तू दिली तर तीही माफ आहे. म्हणजे कंपनीनं मला काजूकतली आणि चांदीचं नाणं पाठवावं, खुर्ची पाठवू नये.

तेव्हा मागणी एवढीच. नव्या कायद्याबरोबर नियमही नव्यानं लिहिले जात आहेत. त्यात 'लॅपटॉप आणि संगणक' जिथं असेल तिथं पुढं स्वल्पविराम देऊन चार शब्द घालावेत: टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर, राउटर. अट हवी असेल तर घाला, की नेमणुकीच्या पत्रात कामाचं ठिकाण घर असलं पाहिजे. किमतीला मर्यादा घाला. नाही तर उद्या कुणी दिवाणखान्याचा सोफाच ऑफिसचा म्हणेल, माणसं आपण ओळखतोच. आपल्या भागाच्या खासदारांनी हा विषय मांडला तर त्यांचे दोन मिनिटांपेक्षा जास्त जाणार नाहीत. कोल्हापुरातून पुण्याच्या, बंगळूरच्या कंपन्यांचं काम करणारी माणसं आता आमच्या एका गल्लीत पाच आहेत, त्यातले तिघे माझ्यासारखेच परत आलेले. संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतात तेव्हा आधी कंबरेचं बोलतात, मग पगाराचं.

एक राहिलं. कंपनीनं तीन वर्षांनी खुर्ची माझ्या नावावर करून दिली तर काय, हेही मी सीएंना विचारलं. फर्निचरची किंमत वर्षाला १० टक्क्यांनी उतरवायची, म्हणजे ८ हजार ४०० रुपयांचा लाभ आणि त्यावर कर. साठ हजारांचा लॅपटॉप मात्र वर्षाला निम्म्यानं उतरतो, तो तीन वर्षांनी साडेसात हजारांचा. लॅपटॉपपेक्षा खुर्ची महाग पडणार. एचआरला मी कळवलं की मग खुर्ची परत घेऊन जा. त्यांचं उत्तर आलं की पुण्याला परत आणण्याचं भाडं परवडत नाही, कृपया वापरत राहा.

आपली,
एक पगारदार वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर

ता. क. पत्र छापल्यास नाव देऊ नये ही विनंती. कंपनीत मराठी पेपर वाचणारे बरेच आहेत आणि एप्रिलमध्ये पगारवाढीचं बोलणं असतं.